डिअर पेरेंट ऑफ ४७

रविवारी पहाटे पाचला मी पोहे भिजवत उभी होते. का, तर 'साडेसहाला शार्प रिपोर्टिंग, उशिरा येणाऱ्यांना प्रवेश नाही'. कोथरूडहून अ‍ॅक्टिव्हावर चांदणी चौकातून बालेवाडी, एका फुटबॉल क्लबच्या ट्रायलला. मागे अकरा वर्षांचा लेक, शिनगार्ड घरूनच बांधलेले, आणि पोह्यांचा डबा तसाच, कारण 'आई, मला मळमळतंय'. सव्वासहाला पोचलो तर टर्फच्या गेटला कुलूप. सात वाजता एक पोरगा डोळे चोळत किल्ली घेऊन आला. कोच सर साडेसातला उगवले. उशिरा येणाऱ्यांना प्रवेश नाही म्हणे!

ट्रायलची फी ९०० रुपये, नॉन-रिफंडेबल. वर बिबचं, म्हणजे शर्टावर चढवायच्या नंबरवाल्या जाकिटाचं, डिपॉझिट २००. त्या बिबला आदल्या तीन बॅचच्या घामाचा वास होता. माझ्या पोराला मिळाला ४७ नंबर. ६२ पोरं आली होती, गुणाकार तुम्हीच करा. मी केला, तिथेच जाळीला टेकून: ५५,८०० रुपये, एका रविवार सकाळचे.

आता ट्रायल म्हणजे काय, ऐका. प्रत्येकाला एक मॅच, बारा मिनिटांची. मी मोबाइलवर घड्याळ लावलं होतं. त्या बारा मिनिटांत माझ्या मुलाच्या पायाला बॉल लागला चार वेळा. दोनदा त्याच्याकडून सुटला, ते मी मान्य करते. डावा पाय त्याचा निव्वळ शोभेचा आहे, हेही करते. पण एकदा त्याने उजवीकडून मान वर करून बघितलं, मधल्या मोकळ्या पोराला अगदी पायात पास दिला आणि परत मिळेल म्हणून पुढे धावला. तो पोरगा बॉल घेऊन तिघांना अंगावर घेत कोपऱ्यात जाऊन पडला. त्याचंही काय चुकलं? ट्रायलमध्ये पास दिला की तुम्ही संपलात. बॉल ज्याच्या पायात, तोच दिसतो. सांघिक खेळाची निवड अशी करायची की पोरं आपल्याच संघाशी भांडतील, हे डोकं कुणाचं?

आणि बघत तरी कोण होतं? दोन सर. एक मैदानाकडे पाठ करून फोनवर. दुसऱ्याच्या हातात क्लिपबोर्ड, पण तो गप्पा मारत होता त्याच क्लबच्या मोज्यांतल्या दहा-बारा पोरांशी, जी आधीपासून तिथेच शिकतात. त्यांना नावाने हाका. आमची पोरं 'ए सत्तेचाळीस, ए बारा'. रेल्वेच्या हमालालाही कुणी असं नुसतं बिल्ल्याच्या नंबराने बोलावत नाही हो. संघ आधीच ठरलेला होता, हे जाळीबाहेरच्या आम्हा सगळ्या आयाबापांना पहिल्या पाच मिनिटांत कळलं. तरी आम्ही उभेच.

वयाचं तर विचारूच नका. गट बारा वर्षांखालचा. एका पोराला चक्क मिसरूड. मी सहज विचारलं, "कितवीत रे बाळा?" तो म्हणाला, "आठ…", मग बाबांकडे बघितलं आणि म्हणाला, "सहावीत." राष्ट्रीय फेडरेशन वय तपासायला मनगटाचा एक्स-रे काढून हाडं बघतं. इथे आधारची झेरॉक्स, तीही कुणी उलटून बघत नाही. आणि लबाडी सोडा, सरळ हिशेबातही मार आहेच. गट १ जानेवारीपासून मोजतात. आमचे चिरंजीव २८ डिसेंबरचे. म्हणजे जानेवारीत जन्मलेल्या, त्याच्याहून जवळजवळ वर्षाने मोठ्या पोराशी त्याने खांद्याला खांदा लावायचा. अकरा-बाराव्या वर्षी एक वर्ष म्हणजे चार बोटं उंची असते. तेव्हा कुणी सांगितलं असतं, तर चार दिवस आणखी कळ काढली असती मी!

पण हे सगळं मी गिळलं असतं. 'नाही' ऐकायला आम्ही दोघंही तयार होतो. येताना चौकात थांबून त्याला सांगूनही ठेवलं होतं की नाही झालं तर परत जाताना मिसळ. खरी आग लागली मंगळवारी रात्री अकरा वाजता, मेसेज आला तेव्हा.

'डिअर पेरेंट ऑफ ४७, युवर चाइल्ड हॅज ग्रेट पोटेन्शियल.' नाव लिहायचेही कष्ट नाहीत. पुढे: मुख्य संघात नाही, पण 'डेव्हलपमेंट बॅच'मध्ये निवड झाल्याबद्दल अभिनंदन. वर्षाचे ४८,००० रुपये, किटचे ६,५०० वेगळे, फक्त ३ सीट्स शिल्लक, शुक्रवारपर्यंत भरा. मी १२ नंबरच्या आईला फोन केला. तिचा मुलगा पोटात दुखतंय म्हणून रडत बाकावर बसून होता, मैदानात उतरलाच नव्हता. त्यालाही ग्रेट पोटेन्शियल! त्यालाही अभिनंदन, त्यालाही ३ सीट्स!

अहो, हे पुणं आहे. इथे दुकानदार पाटी लावून सांगतो, एक ते चार बंद. तोंडावर 'नाही' म्हणण्यात आमचा हात कुणी धरू शकत नाही. आणि अकरा वर्षांच्या पोराला 'यंदा नाही' एवढे दोन शब्द सांगायची यांची हिंमत होत नाही, कारण त्या दोन शब्दांचं बिल फाडता येत नाही.

माहितीपत्रकात वर 'प्रोफेशनल पाथवे'. कुठे जातो हा पाथवे? पुणे एफसी, भारत एफसी, डीएसके शिवाजीयन्स, एफसी पुणे सिटी, चार क्लब या शहराने बघितले आणि चारही गेले. २०१९ मध्ये आयएसएलमधली, म्हणजे देशातल्या मोठ्या फुटबॉल लीगमधली, पुण्याची जागा हैदराबादला गेली. कोल्हापूरच्या रिक्षावाल्याचा मुलगा, अनिकेत जाधव, इथे बालेवाडीला सरकारी क्रीडा प्रबोधिनीत घडला आणि २०१७ चा सतरा वर्षांखालचा विश्वचषक खेळला. त्याच्या बाबांना कुणी असा ४८,००० चा मेसेज पाठवला असता तर? फेडरेशनने लहानग्यांसाठी सुरू केलेल्या बेबी लीगची कल्पनाच मुळी बारा वर्षांपर्यंतच्या पोरांना लहान मैदानावर, छोट्या संघांत भरपूर खेळू द्या अशी आहे. आणि आम्ही त्याच वयात चाळणी लावून बसलोय, वर चाळणीत पडणाऱ्याकडून आणि अडकणाऱ्याकडून, दोघांकडून पैसे.

लेकाने मेसेज माझ्या खांद्यावरून वाचला. "आई, पोटेन्शियल म्हणजे घेतलं का नाही?" मी म्हटलं, नाही घेतलं. "मग तसं लिहायचं ना," म्हणाला आणि झोपायला गेला.

त्याच्या बुटांतले टर्फचे काळे रबरी दाणे अजून वॉशिंग मशिनमधून निघतायत. बिबचे दोनशे काही आले नाहीत. काल पुन्हा विचारलं, तर उत्तर आलं: 'कोणता नंबर?'