नानोरोचं नाव कुणीच घेत नाही

आज दुपारी आमच्या फॅमिली ग्रुपवर एक फॉरवर्ड आला. पुण्याच्या मलेरियाच्या लशीने आफ्रिका वाचवली म्हणे. खाली तिरंगे, हात जोडलेले, टाळ्या. त्याखाली आमच्याच एका शिकल्यासवरल्या भाच्याने लिहिलं, "गरिबांवर प्रयोग करूनच तर असली औषधं निघतात." त्यालाही भराभर अंगठे पडले. आधीच्या तिरंग्यांना ज्यांनी अंगठे दिले होते, त्यांचेच! बराच वेळ गप्प बसले. आता लिहितेच. पोस्ट लांब होणार आहे.

आधी अभिमानाचं बघू. मी पुण्याची आहे, मलाही आनंद आहे. आर21 नावाची ही लस ऑक्सफर्डच्या शास्त्रज्ञांनी शोधली आणि पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट ती बनवते. चार डॉलरच्या आत एक डोस, तोही लाखांनी, हे सोपं काम नाही. मान्य. पण लस चालते हे कळलं कुठे? हडपसरला नाही आणि ऑक्सफर्डलाही नाही. ते कळलं पश्चिम आफ्रिकेतल्या बुर्किना फासो या देशातल्या नानोरो नावाच्या छोट्या गावात. राजधानी वागादुगूपासून शंभर किलोमीटरच्या आतच आहे ते. तिथल्या संशोधन केंद्राचे प्रमुख प्राध्यापक हालिदू टिंटो. ते त्याच देशाचे, त्याच मातीतले शास्त्रज्ञ. 2019 मध्ये त्यांच्या टीमने 450 बाळांना घेऊन चाचणी सुरू केली, 5 ते 17 महिन्यांची बाळं. 2021 मध्ये निकाल आला. लशीचा परिणाम वाढवणारा पूरक घटक जास्त प्रमाणात घातलेल्या लशीची परिणामकारकता वर्षभरात 77 टक्के निघाली. मलेरियाच्या लशीत तोवर इतका आकडा कुणी पाहिला नव्हता. नंतरची मोठी चाचणी 4,800 मुलांवर झाली, चार देशांत, आणि त्यातही नानोरो होतंच. सांगा, त्या फॉरवर्डमध्ये यातलं एक तरी अक्षर होतं का?

आता "प्रयोग" या शब्दाकडे येते, कारण माझं डोकं खरं तिथे फिरलं.

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही काही काळ वागादुगूत राहिलो, हे माझ्या जुन्या मित्रमैत्रिणींना माहीत आहे. आमच्या वॉचमनची बायको सकाळी फाटकाजवळ चूल मांडायची. आपल्या आप्पेपात्रासारखंच खळग्यांचं पात्र, त्यात बाजरीचं आंबवलेलं पीठ. पाठीला कापडाने बांधलेला धाकटा मुलगा. एकदा मी मोडक्या फ्रेंचमध्ये विचारलं, मुलं किती? ती म्हणाली, दोन आहेत, एक पालूने गेली. पालू म्हणजे मलेरिया, तिकडे सगळे तेच म्हणतात. हे सांगताना तिचा उलथणं धरलेला हात थांबला नाही. पुढचा आप्पा उलटला, गिऱ्हाइकाला सुटे पैसे दिले. मी काय बोलणार होते?

हिची बहीण नानोरोकडे दिलेली. बहिणीची मुलगी त्या चाचणीत होती. हे सांगताना मात्र ती ताठ व्हायची. तिच्या भाचीला कार्ड आहे, ताप आला की तिथले लोक लगेच बघतात, रक्त तपासतात, औषध देतात, असं सगळं. भाचेबुवा, त्या बाईने बाळाला चार-चार आठवड्यांच्या अंतराने तीन इंजेक्शनं देऊन आणली आणि वर्षाने चौथं. उन्हातान्हातून. काहीच माहीत नसलेली, कुणीतरी पकडून आणलेली बाई असं करते का? चाचणीतल्या साधारण दीडशे बाळांना मलेरियाची लस दिलीच नव्हती, रेबीजची दिली होती, तुलना करता यावी म्हणून. कुठल्या बाळाला काय मिळालं हे आईला माहीत नव्हतं. तरीही आया येत राहिल्या. रेबीजवाल्या गटात दर दहातल्या सात बाळांना सहा महिन्यांत मलेरिया झाला, लस मिळालेल्यांत तिघांनाही नाही. हे आपल्याला कळलं ते त्या आयांमुळे. त्यांना "गरीब बिचारे उंदीर" म्हणणं हा त्यांचा अपमान आहे, आणि मी तो ऐकून घेणार नाही.

हो, गोऱ्यांनी आफ्रिकेत औषधांच्या नावाखाली पूर्वी वाईट गोष्टी केल्या आहेत. संशय घेणारा प्रत्येक जण मूर्ख नसतो. एवढं मान्य करते, त्यापुढे नाही.

लिहिता लिहिता राग थोडा उतरला, कारण वॉचमनच्या बायकोच्या धाकट्याच्या गोळ्यांची आठवण आली. त्याला लस नव्हती मिळाली. वागादुगूच्या बाळांसाठी होत्या त्या मलेरिया होऊ नये म्हणून द्यायच्या पावसाळ्यातल्या गोळ्या. तिथेही पाऊस आपल्यासारखाच जूनच्या सुमारास येतो आणि बहुतेक मलेरिया त्या चार महिन्यांतच होतो. म्हणून दर महिन्याला आरोग्यसेविका दारोदार येतात, अगदी आपल्या आशाताईंसारख्या. पहिल्या दिवशीची गोळी त्या स्वतः पाण्यात विरघळवून पाजतात आणि बसून राहतात, अर्ध्या तासात बाळाने ओकलं तर पुन्हा पाजायची म्हणून. पुढच्या दोन दिवसांच्या गोळ्या आईने द्यायच्या. धाकटा तोंड घट्ट मिटायचा. मग ही त्याला मांडीत आडवा धरायची, गालाला बोटाने दाबून चमचा आत सारायची आणि गिळेपर्यंत गाणं म्हणायची. चूल तशीच सोडून! गिऱ्हाईक उभं राहिलं तर राहू दे. त्या घरात एक मूल आधीच गेलं होतं, तिला कुणी आरोग्यशिक्षण द्यायची गरज नव्हती.

तर लस आली म्हणजे झालं, हेही खोटं आहे. गोळ्या हव्यात, औषध लावलेल्या मच्छरदाण्या हव्यात, रात्री दवाखान्यात कुणीतरी जागं हवं. बुर्किनामध्ये आणि शेजारच्या मालीमध्ये एक मोठी चाचणी झाली, आर21 च्या आधीच्या लशीची. त्यात लस आणि गोळ्या दोन्ही दिल्या तेव्हा गंभीर मलेरिया आणि मृत्यू एकेका उपायापेक्षा खूपच कमी झाले. बुर्किनाच्या नेहमीच्या लसीकरणात 2024 च्या फेब्रुवारीत मलेरियाची लस आली, पण तीही ही आधीचीच. पुण्याची लस नेहमीच्या लसीकरणात सगळ्यात आधी आली शेजारच्या आयव्हरी कोस्टमध्ये, जुलै 2024 ला. असो, तिथलीही बाळंच आहेत, पण मला टोचतं ते टोचतं.

आणि आता पुन्हा संताप. बुर्किनात वीस लाखांच्या आसपास माणसं हिंसाचारामुळे घरदार सोडून गेली आहेत. आरोग्यसेविकेने कुणाच्या दारात जायचं? त्यातच 2025 च्या जानेवारीत अमेरिकेने परदेशी मदत एका फटक्यात गोठवली. मच्छरदाण्या आणि गोळ्यांचा पैसा बराचसा असल्याच मदतीतून येत होता. 2023 मध्ये जगात मलेरियाने सुमारे 5,97,000 माणसं गेली, बहुतेक आफ्रिकेतली, बहुतेक पाच वर्षांखालची. हे आकडे ज्या टेबलांवर असतात तिथेच बसून कुणीतरी सही करतं. यावर आमच्या ग्रुपवर एक शब्द नाही. तिरंगे मात्र भरपूर.

"आपल्याकडे काय कमी प्रश्न आहेत?" असं खाली लिहिणारे लिहितीलच, म्हणून आधीच सांगते. हो, आहेत. भामरागड, एटापल्लीत आजही पावसाळ्यात मलेरिया हटत नाही, आणि तिथल्या आयाही अशाच बाळाला उचलून चालत निघतात. त्यावर मला वेगळं आणि नीट लिहायचं आहे. गडचिरोलीत मलेरियाचं काम प्रत्यक्ष करणारी एखादी आशाताई किंवा आरोग्यसेवक तुमच्या ओळखीत असेल तर मला इनबॉक्समध्ये कळवा. डॉक्टर, अधिकारी नकोत. दारोदार जाणारी माणसं हवी आहेत, त्यांच्याशी बोलायचं आहे. भाच्याला टॅग केलंय, त्याने उत्तर इथेच द्यावं.