‘रसिक’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

‘रसिक’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या वाचकांस,

‘फेडरलिस्ट’ या जुन्या अमेरिकी लेखमालेतील वादग्रस्त लेख कोणाचे हे शब्द मोजून ठरवता आले, असे मी जे लिहिले, त्यावरील आपली प्रतिक्रिया वाचली. तिच्यात मुद्दे तीन आहेत आणि टोमणे त्याहून अधिक. शेवटचे वाक्य जसेच्या तसे देतो: “शब्दांची खानेसुमारी करणाऱ्यांनी आधी हॅमिल्टन वाचावा, मग बोलावे.” मतभेदाला माझी कधीच हरकत नसते; परंतु समोरच्याने वाचलेलेच नाही असे गृहीत धरून बोलण्याची ही जी रीत अलीकडे रूढ झाली आहे, तिला उत्तर देणे मला भाग आहे.

ज्यांनी मूळ लेख वाचला नसेल, त्यांच्यासाठी प्रकरण थोडक्यात सांगतो. अमेरिकेच्या नव्या राज्यघटनेला न्यूयॉर्कची मान्यता मिळावी म्हणून १७८७-८८ मध्ये अलेक्झांडर हॅमिल्टन, जेम्स मॅडिसन आणि जॉन जे या तिघांनी ‘पब्लियस’ या एकाच टोपणनावाने ८५ लेख लिहिले; तेच ‘फेडरलिस्ट’. १८०४ मध्ये द्वंद्वयुद्धात मरण पावण्यापूर्वी हॅमिल्टनने कोणता लेख कोणाचा याची यादी मागे ठेवली. १८१८ मध्ये मॅडिसनची यादी छापली गेली. आणि १२ लेखांवर दोघांचाही दावा निघाला. फ्रेडरिक मोस्टेलर आणि डेव्हिड वॉलेस या दोन संख्याशास्त्रज्ञांनी शब्दांची मोजणी करून १९६४ मध्ये हे बाराही लेख मॅडिसनचे असल्याचा निष्कर्ष प्रसिद्ध केला.

आता ‘आधी वाचावा’ याविषयी. केवळ वाचून हा प्रश्न सुटण्याजोगा असता, तर तो दीडशे वर्षे रेंगाळला नसता. दोघांचीही शैली भारदस्त आणि पल्लेदार आहे. इतकी सारखी, की मोस्टेलर यांनी १९४१ मध्ये फ्रेडरिक विल्यम्स यांच्यासोबत वाक्यांची लांबी मोजली तेव्हा हॅमिल्टनची सरासरी ३४.५५ शब्द आली आणि मॅडिसनची ३४.५९. म्हणजे मोजणीसुद्धा आधी तोंडावर आपटली होती, आणि ते मोजणाऱ्यांनीच सांगितले. पुढे उपयोगी पडले ते ‘अपॉन’ (upon, म्हणजे ‘वर’) यासारखे बारीक इंग्रजी शब्द, ज्यांच्याकडे लिहिणाऱ्याचेही लक्ष नसते आणि वाचणाऱ्याचे तर नसतेच. हॅमिल्टन हजार शब्दांमागे सुमारे तीनदा ‘अपॉन’ लिहितो. मॅडिसनच्या हातून तो हजारात एकदाही क्वचितच येतो. राज्यघटनेवरील मतांचा किंवा विषयाचा याच्याशी काही संबंध नाही, आणि नेमके म्हणूनच हा पुरावा मोलाचा आहे.

हे मला कोणा पुस्तकाने पटवलेले नाही. उमेदीची सारी वर्षे मी मुद्रितशोधनात घालवली आहेत. एका विद्वान प्राध्यापकांच्या ग्रंथाची मुद्रिते तपासताना मधल्या एका प्रकरणात शिरलो आणि त्यांचा लाडका ‘तथापि’ एकाएकी दिसेनासा झाला. त्याच्या जागी पानोपानी ‘मात्र’. मी पेन्सिलीने समासात खुणा करत गेलो आणि दुसऱ्या दिवशी त्यांना नम्रपणे विचारले. बराच वेळ चष्मा पुसून झाल्यावर त्यांनी सांगितले, की ते प्रकरण त्यांच्या विद्यार्थ्याने लिहिले होते. ग्रंथाची परीक्षणे लिहिणाऱ्या रसिकांपैकी (हा शब्द आपल्याला उद्देशून नाही) एकालाही पुढे त्याचा पत्ता लागला नाही. तेव्हा वाचनाचे धडे मला जरा बेताने द्यावेत, ही विनंती.

एक गोष्ट मात्र मोकळेपणाने मान्य करतो: माझ्या लेखाचे शीर्षक भडक होते. ‘आकड्यांनी पकडलेला लेखक’ याऐवजी काहीतरी सौम्य शोभले असते. आपले उरलेले आक्षेप, म्हणजे उत्तर दोघांतूनच निवडायचे ठरवले की ते दोघांतलेच येणार, आणि एकाने दुसऱ्याच्या मजकुरावरून हात फिरवला असेल तर काय, हे जुनेच आहेत. त्या १२ लेखांवर तिसऱ्या कोणी हक्क सांगितलेला नाही, एवढे म्हणून मी ते सोडतो. ‘हे मराठीत करून दाखवा’ या आव्हानाबद्दल इतकेच, की आपल्याकडे ‘साठी’, ‘वर’, ‘मध्ये’ हे नामाला चिकटून येतात, तेव्हा मोजण्याआधी ते सुटे करण्याचेच काम मोठे आहे. ते काय आहे हे ठाऊक असते, तर आव्हान इतक्या सहज फेकले गेले नसते.

मोजणारे आणि वाचणारे अशा दोन जाती आपण कल्पिल्या आहेत, त्यांविषयीही सांगतो. हॅमिल्टन ‘व्हाइल’ (while) लिहितो आणि मॅडिसन त्याच अर्थाचा ‘व्हाइल्स्ट’ (whilst), हे मोस्टेलर यांच्या नजरेस आणून दिले ते डग्लस अडेर या इतिहासकाराने, म्हणजे आपल्या भाषेत ‘वाचणाऱ्या’ माणसाने. तो धागा हाती घेऊन, आणि ‘व्हाइल्स्ट’ बारांपैकी काही लेखांतच सापडतो हे पाहून, इतर शब्द मोजण्याचे कष्ट संख्याशास्त्रज्ञांनी उपसले. त्या बारांपैकी सर्वांत दुबळा पुरावा ५५ व्या लेखाचा निघाला, हेही त्यांनी लपवले नाही. आपण हॅमिल्टन वाचलेलाच आहे, तर तो ५५ वा लेख समोर घ्यावा आणि एकही शब्द न मोजता तो कोणाचा, हे कारणांसह इथेच लिहावे. मी वाट पाहतो.