आत्याचं ब्लूटूथ चालूच राहील

गेल्या आठवड्यात मिरजेहून आत्याचा फोनच येईना. मी लावला तर फोन कानाला दाबून ओरडायला लागली, "मोठ्यानं बोल गं, काही कळत नाही!" दिवाळीत मीच तिची श्रवणयंत्रं ब्लूटूथने फोनला जोडून दिली होती. काचबिंदूमुळे अक्षरं दिसत नाहीत, म्हणून 'हे गूगल, ताईला फोन लाव' हेही घोकून घेतलं होतं. ते सगळं बंद. शेजारणीने एक 'सावधान!!' मेसेज वाचून दाखवला आणि लगोलग फोनमधलं बंदही करून दिलं.

मेसेज असा: ब्लूटूथच्या लहरी मेंदू पोखरतात, *#०७# दाबलं की त्या थांबतात, 'हे गूगल' चोवीस तास रेकॉर्डिंग करतं, आणि नुसत्या आवाजावर चोर बँक खातं साफ करतात.

आधी तो कोड. तो खराच आहे, आणि तिथेच लोक फसतात. तो दाबला की बऱ्याच फोनवर 'सार'चा आकडा दिसतो, म्हणजे फोनच्या लहरींतली किती ऊर्जा शरीर शोषतं त्याचं माप. भारतात त्याची मर्यादा किलोला १.६ वॅट आहे. बस, आकडा दिसतो, बंद काहीच होत नाही. काखेत थर्मामीटर लावून ताप उतरला म्हणण्यातला प्रकार! शेजारणीने मात्र तो आकडा 'लहरी बंद झाल्याची पावती' म्हणून आत्याला वाचून दाखवला.

आता मेंदू. ४जीवर बोलताना फोन जास्तीत जास्त सुमारे २०० मिलिवॅटने लहरी सोडतो. कानातल्या साधनांचं ब्लूटूथ काही मिलिवॅटचं असतं. त्यातल्या नेहमीच्या वर्गाची मर्यादा २.५ मिलिवॅट. म्हणजे मेसेज ऐकून आत्याने बारकी लहर घालवली आणि तिच्या कितीतरी पट मोठी गालाला चिकटवून घेतली. वर ऐकू येईना ते वेगळंच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ साली रेडिओलहरींना 'कदाचित कर्करोगकारक' म्हणजे २बी गटात टाकलं, हे खरं. पण त्याच गटात कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही आहे, आणि हीच शेजारीण रोज सकाळी कोरफडीचा रस घेते.

रेकॉर्डिंगच्या मुद्द्यात, मान्य करावं लागतंय, थोडं तथ्य आहे. फोन त्या दोन शब्दांची वाट आतल्या आत पाहतो आणि ते ऐकल्यावरच पुढचं बोलणं कंपनीकडे पाठवतो. पण कधीकधी भलताच शब्द ऐकून जागा होतो, आणि गूगल-अ‍ॅपलची कंत्राटी माणसं असली काही रेकॉर्डिंग्ज ऐकत होती, हे २०१९ साली उघड झालं. म्हणून खात्याच्या सेटिंगमध्ये जाऊन आवाज साठवणं बंद करायचं. दोन मिनिटांचं काम आहे, त्यासाठी म्हातारीचा फोन मुका कशाला करायचा?

बँकेचं तर सोडाच. यूपीआय लाइटची किरकोळ रक्कम आणि आपणच आधी मंजूर केलेले हप्ते सोडले तर यूपीआयवरून पिन टाकल्याशिवाय किंवा बोट-चेहरा दाखवल्याशिवाय पैसे हलत नाहीत. आणि आत्याच्या फोनवर यूपीआय नाहीच.

शनिवारी मिरजेला जाऊन यंत्रांची बॅटरीची झाकणं उघडून-मिटून पुन्हा जोडणी केली, 'हे गूगल' तिच्या आवाजात परत शिकवलं. रविवारी मी पुण्यात घरी पोचते तोच तिचा फोन.

"तुझ्यामागे कुकर शिट्ट्या देतोय. आधी तो बंद कर, मग बोल."