तीन ओ आणि मी

लेकीने माझ्या फोनमध्ये तो खेळ टाकला, तेव्हा तिचा हेतू चांगलाच होता. "बाबा, तू लोकलमध्ये नुसता पेंगतोस. त्यापेक्षा इंग्रजी तरी सुधार." माझं इंग्रजी पाचवीत सुरू झालं आणि आठवीच्या सुमारास दमलं, हे तिला पक्कं ठाऊक आहे.

खेळ दिसायला गरीब. गोल चकतीवर इंग्रजी अक्षरं विखुरलेली असतात, त्यांच्यावरून बोट फिरवून शब्द जुळवायचा. जुळला तर टिंग. नाही जुळला तर सगळी अक्षरं एकदम नकारार्थी माना हलवतात, जेवणाच्या सुट्टीला पाच मिनिटं उरल्यावर खिडकीवरचा कारकून हलवतो तशी.

पहिल्या आठवड्यात एल, आय, एस, टी, ई, एन ही सहा आली. लिसन आणि सायलेंट याच सहांतून होतात, हे रोज सकाळच्या सुविचारांनी माझ्या डोक्यात ठोकून ठेवलंय. ते दोन मी मिशीवर ताव देत काढले. खेळ म्हणाला, अजून तीन. एनलिस्ट शेजारी उभ्या असलेल्या माणसाने माझ्या खांद्यावरून काढला, न विचारता. उरलेले दोन मला खेळातली नाणी मोजून विकत घ्यावे लागले. इनलेट्स आणि टिन्सेल.

अर्थ पाहिले. इनलेट म्हणजे चिंचोळी खाडी. टिन्सेल म्हणजे बेगड.

आता काय बोलायचं? मी वाढलो जयगडच्या खाडीकाठी. दर भाद्रपदात मखराला बेगड चिकटवताना बोटांना लागलेली खळ दीड दिवसाचे गणपती गेले तरी निघायची नाही. जन्मभर खाडीत पोहलो आणि ठाण्याच्या आसपास इनलेटमध्ये बुडालो.

यात थोडा दोष माझ्या मेंदूच्या लिपीचा आहे. आपल्याकडे काना, मात्रा, वेलांटी ही पोरं अक्षराच्या कडेवर बसून असतात, एकटी रस्त्यावर सापडत नाहीत. 'चिमणी' कितीही विस्कटा, 'चि' आपली वेलांटी घेऊनच इकडची तिकडे होणार. इंग्रजीतले स्वर मात्र मोकाट. ई म्हणून जी दिसते ती शब्दाच्या शेवटी जाऊन मुकी बसते. लिसनमध्ये तर टी आहे आणि नाहीही.

खरा घोळ पुढे झाला. एके सोमवारी चकतीवर आठ अक्षरं आली : एम, ओ, एन, जी, ओ, ओ, एस, ई. ओ तीन! सून, मून, साँग, नोज असली चिल्लर मी दिवा स्टेशनपर्यंत गोळा केली. मग गूज सापडलं, म्हणजे हंसासारखा तो पाणपक्षी. मग मूज, म्हणजे थंड मुलखातलं अवाढव्य सांबर. मग नूज, म्हणजे गळफास. दोन प्राणी आणि एक फास एवढी सामग्री जमली, पण आठ अक्षरी शब्द काही हाती लागेना. नाणी इनलेटात बुडालेली.

मंगळवारी मी गणिताचा आधार घेतला. आठ अक्षरं 40,320 प्रकारे मांडता येतात. त्यात तीन ओ सारखेच, म्हणून सहाने भागायचं. उरले 6,720. एकेका मांडणीला दहा सेकंद धरले तर 18 तास 40 मिनिटं. डोंबिवली ते सीएसएमटी सत्तर मिनिटांच्या हिशेबाने सोळा फेऱ्या, म्हणजे ऑफिसचे आठ दिवस. हे सगळं ऐकून खिडकीजवळचे काका शांतपणे म्हणाले, "तेवढ्यात विपश्यना होते."

बुधवारी लेकीने धीर दिला. म्हणजे तिच्या मते धीर. न्यूझीलंडचा नायजेल रिचर्ड्स म्हणे 2015 साली फ्रेंच स्क्रॅबल या अक्षरं जुळवायच्या खेळाचा जगज्जेता झाला, आणि त्याला फ्रेंच बोलता येत नव्हतं. शब्द नुसते पाठ केले. 2024 साली स्पॅनिशमध्येही तोच प्रकार. "बघ, अर्थ कळला नाही तरी चालतं!" मी म्हटलं, बाई, माझं दुखणं नेमकं उलटं आहे. माझ्याकडे अर्थ पोत्याने आहेत, शब्दच येत नाहीत.

"हे कौतुक जेवून झाल्यावर करा," ही आतून म्हणाली. लेकीने जाता जाता फोनवर बोट फिरवलं. टिंग.

माँगूस.

"म्हणजे मुंगूस," लेक म्हणाली, आणि फोनवरच्या शब्दकोशात खाली बोट दाखवलं. शब्दाचा उगम : मराठी.

मी घास हातात धरून बसलो. आमच्या परसातलं मुंगूस! दिसलं की आम्ही "मुंगसा मुंगसा तोंड दाखव, तुला रामाची शपथ" म्हणत त्याच्यामागे धावायचो. ते इंग्रजांनी उचललं, शेपटीला फुकटचा हंस बांधला आणि तीन दिवस मलाच ओळख दिली नाही. बरं, हंसाचं अनेकवचन गीज, तसं यांचं माँगीज होईल म्हणावं, तर तेही नाही. माँगूसेस. हंस फक्त शोभेला, बेगडासारखा.

सूड म्हणून मी लेकीला कागदावर तीन अक्षरं विस्कटून दिली : स, मुं, गू. शेवटचं अक्षर वाचून ती "ई, बाबा!" म्हणून इतकी हसली की पाणी ठसकलं. उत्तर तिने त्याआधीच दिलं होतं.

रात्री पुढची पातळी उघडली. पाचच अक्षरं : आर, ए, पी, ओ, सी. म्हटलं, ही तर लेकुरंच. कार, कॅप, क्रॉप भराभर काढले. कार्प नावाचा मासाही गळाला लागला. पाच अक्षरी शब्द तेवढा राहिला.

"अहो," स्वयंपाकघरातून हाक आली, "उद्याच्या वाटणाला सुकं खोबरं किसून देता का जरा?"

"थांब गं," मी म्हटलं, "इथे माझं डोकं चालेना आणि तुला खोबरं सुचतंय."