गोल शीटमध्ये न लिहिलेली ध्येयं

एप्रिल उजाडला की हिंजवडीच्या आयटी कंपन्यांत जिकडेतिकडे गोल शीट, म्हणजे वर्षभराच्या ध्येयांचा तक्ता, भरणं चालू. 'ओनरशिप घेईन', 'नवी स्किल्स शिकेन', 'क्लायंटचा विश्वास वाढवेन'. त्याच माणसांना टपरीवर चहा पिताना विचारा, यंदा काय ठरवलंय? "रात्रीचे कॉल बंद झाले तरी पुष्कळ." "दुसरीकडे ऑफर मिळाली की पेपर टाकणार, राजीनामाच!" "बीपीची गोळी वाढायला नको, बस."

खरी ध्येयं ही. आणि यावर वरची मंडळी म्हणतात, हल्लीच्या पोरांना अँबिशनच नाही!

फिनलंडमध्ये तरुण मॅनेजरांच्या अशाच ध्येयांचा अभ्यास झाला, २००९ मध्ये तो प्रसिद्ध झाला. संस्थेचं, टीमचं चांगलं व्हावं हे ज्यांचं ध्येय, ते कामात रमलेले दिसले. तब्येत सांभाळणं किंवा नोकरी बदलणं हे ज्यांच्या मनात, त्यांच्यात बर्नआउट, म्हणजे कामाने पार थकून जाणं, जास्त. आता एखादा एचआरवाला यावरून सगळ्यांना कंपनीवर प्रेम करायला शिकवायला निघेल (कार्यशाळा, समोसा, सर्टिफिकेट). माझं मत वेगळं आहे. तब्येतीचा विचार करतो म्हणून माणूस थकत नाही, आधी थकतो आणि मग त्याला दुसरं काही सुचत नाही.

योहानेस सीग्रिस्ट या समाजशास्त्रज्ञाने १९९६ मध्येच मांडलंय की कष्ट आणि मोबदला यांचा मेळ बसला नाही की तब्येतीवर परिणाम होतो. मोबदला म्हणजे नुसता पगार नव्हे. मान, बढती, नोकरीची शाश्वती हेही त्यात आलं. आमच्याकडे काय होतं? अख्ख्या टीमने जीव तोडून रिलीज काढलं, तरी बेल कर्वसाठी (ठरावीक टक्के लोकांना कमी रेटिंग द्यायचंच, हा हिशोब) कुणालातरी खाली ढकलायचंच. त्या माणसाने पुढच्या वर्षी 'ओनरशिप' कुठून आणायची?

तासांचं तर बोलायलाच नको. आठवड्याला ५५ किंवा जास्त तास काम केलं तर पक्षाघाताचा धोका ३५ ते ४० तासवाल्यांपेक्षा सुमारे ३५ टक्क्यांनी वाढतो, असं जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०२१ मध्ये सांगितलं. वाकडच्या पुलाखाली ट्रॅफिकमध्ये घालवलेला वेळ यात धरलेला नाही.

मी टीम लीड आहे, त्यामुळे माझ्याही हातात थोडं आहे. यंदा शीट उघडण्याआधी प्रत्येकाला विचारलं, कुठला कॉल रद्द केला तर तुझं काम अडणार नाही? उत्तरं पटापट आली. रात्रीचा स्टेटस कॉल आता मेलवर गेलाय, कुणाचंही काही अडलेलं नाही. रेटिंगची टक्केवारी मात्र अजून वरूनच ठरून येते. त्याबद्दल यंदा लेखी विचारणार आहे. तुमच्याकडे कुणी विचारलं असेल तर काय उत्तर मिळालं, ते खाली लिहा.