हजार शब्दांत उद्देश सांगा

सोशल सायन्स शिकणाऱ्याच्या डोक्यात पहिल्या वर्षापासून एक गोष्ट भरवली जाते, की माणूस आधी वागून मोकळा होतो आणि कारणं मागाहून जुळवतो. निस्बेट आणि विल्सन या दोन मानसशास्त्रज्ञांचा १९७७ सालचा पेपर आहे, त्यात एक भारी प्रयोग सांगितलाय. टेबलावर नायलॉनच्या मोज्यांचे चार जोड मांडले आणि लोकांना विचारलं यातला सगळ्यात चांगला कुठला. चारही जोड हुबेहूब सारखे होते. सगळ्यात जास्त लोकांनी सगळ्यात उजवीकडचा निवडला, आणि का म्हणून विचारल्यावर कुणी विणकामाचं कौतुक केलं कुणी आणखी कशाचं, पण "उजवीकडे होता म्हणून" असं स्वतःहून एकानेही सांगितलं नाही.

हे मी पाठ केलं, परीक्षेत लिहिलं, त्यावर मार्कही मिळवले. आणि मग पीएचडीचे अर्ज भरायला बसले तर तिथे पहिलाच रकाना, तुम्हाला हाच विषय, हाच प्रश्न आणि आमचंच डिपार्टमेंट का हवंय ते हजार शब्दांत सांगा. अरे, माणसाच्या अशा उत्तरांवर विश्वास ठेवू नका हे तुम्हीच शिकवलंत ना!

या निबंधाला एसओपी म्हणतात, म्हणजे स्टेटमेंट ऑफ पर्पज. लिहायला बसलं की हात आपोआप "लहानपणापासूनच मला समाजाविषयी कुतूहल होतं" असं टाइप करतात. खोटं आहे हो हे. लहानपणी कुणालाही समाजाविषयी कुतूहल नसतं, शेजारच्यांकडे भांडण कशावरून झालं याचं असतं. (आता विचार केला तर हेच एथ्नोग्राफीचं, म्हणजे लोकांमध्ये राहून त्यांचं निरीक्षण करण्याच्या पद्धतीचं, मूळ आहे, पण तसं लिहिता येत नाही.) शिवाय आयुष्यात जे जे योगायोगाने झालं, म्हणजे आवडीच्या कोर्सच्या जागा भरल्या म्हणून दुसरा घेतला आणि त्यात डेटा एंट्रीचं काम मिळालं म्हणून तो विषय चिकटला, ते सगळं "त्यानंतर मी जाणीवपूर्वक स्थलांतराच्या अभ्यासाकडे वळले" या एका वाक्यात इस्त्री करून बसवायचं. आपण किती ठरवून जगलो हे मला माझा एसओपी वाचून कळलं.

बरं एकच एसओपी असता तरी चाललं असतं. माझा प्रश्न साधा होता, एकाच वस्तीतली काही घरं बाहेर जातात आणि काही तिथेच राहतात, असं का. हा प्रश्न पाच डिपार्टमेंटांच्या दारात नेला की पाच वेगळे कपडे घालावे लागतात. अँथ्रोपोलॉजीवाले म्हणतात, छान, आता तिथे वर्ष-दीड वर्ष जाऊन रहा, त्यांची भाषा शिक आणि "का" हा शब्द जरा जपून वापर. पॉलिटिकल सायन्सवाले विचारतात की तुमची आयडेंटिफिकेशन स्ट्रॅटेजी काय, म्हणजे याच्यामुळेच ते झालं हे सिद्ध कसं करणार. जिओग्राफीवाल्यांना यात "स्पेस" कुठे आहे ते हवं असतं. इकॉनॉमिक्सवाल्यांना प्रश्नाची फार पडलेली नसते, ते रिअल ॲनालिसिस नावाच्या अवघड गणितात मार्क किती ते बघतात. सोशिऑलॉजीवाले सगळ्यात उदार, त्यांना काहीही चालतं, फक्त त्यात असमानता पाहिजे. अशी वेशांतरं करता करता एका रात्री माझ्या फाइलचं नाव "एसओपी फायनल जिओग्राफी नाही सोशिऑलॉजी खरंच फायनल" असं झालं होतं.

देशागणिक तऱ्हा वेगळी ती वेगळीच. ब्रिटनमध्ये बहुतेक ठिकाणी आधीच रिसर्च प्रपोजल लिहून गाइड शोधायचा, म्हणजे तीन-चार वर्षांनी काय सापडणार ते आजच सांगायचं. नेदरलँड्स आणि नॉर्डिक देशांत पीएचडी ही बऱ्याचदा चक्क नोकरी असते, जाहिरात येते, पगार असतो, फक्त प्रश्न दुसऱ्याच कुणीतरी ठरवून ठेवलेला असतो. अमेरिकेत उलटं, आधी या, दोनेक वर्षं कोर्स करा, मोठ्या परीक्षा द्या, मग विषय ठरवा आणि पाच-सहा वर्षांत (किंवा सात, कोण मोजतंय, घरचे मोजतात) बाहेर पडा. मी मुख्यतः या तिसऱ्या प्रकारात शिरले, कारण "मग ठरवा" हे माझ्या स्वभावाला धरून होतं. एसओपीत अर्थात वेगळं कारण दिलं.

जीआरई या प्रवेशपरीक्षेबद्दल फार बोलत नाही. पुष्कळ डिपार्टमेंटांनी ती काढूनच टाकली आणि परीक्षाही सप्टेंबर २०२३ पासून पावणेचार तासांवरून दोन तासांच्या आत आली.

शिफारसपत्रं हा मात्र खरा छळ. पत्रं तीन लागतात, ती देणारे प्रोफेसर आपल्याला ओळखत असावे लागतात, आणि ओळखत असले तरी ते डेडलाइनच्या आदल्या रात्रीपर्यंत हलत नाहीत. पोर्टलवर त्यांच्या नावापुढे "प्रतीक्षेत" असं लिहिलेलं असतं आणि बाजूला "रिमाइंडर पाठवा" हे बटण. ते दाबायला जी हिंमत लागते ती पुढे थिसिस डिफेन्सलाही लागत नसावी. माझ्या एका सरांनी तर सांगितलं, तूच ड्राफ्ट करून पाठव, मी बघतो. मग मी बसून स्वतःविषयी तृतीयपुरुषी लिहिलं, "ही विद्यार्थिनी विलक्षण स्वतंत्र बुद्धीची आहे" आणि संकोच वाटून "विलक्षण" खोडलं. सरांनी ते परत घातलं. त्या शब्दावर मी अजून त्यांची ऋणी आहे.

अर्ज गेले की जानेवारी ते मार्च आपल्याला काही काम नसतं, फक्त पोर्टल रिफ्रेश करायचं. नकाराची सगळी पत्रं एकाच माणसाने लिहिल्यासारखी असतात. यंदा अर्ज खूप आले, दर्जा असामान्य होता, जागा मर्यादित आहेत. आपण सँपल साइज मोठा झाल्याच्या आनंदात सहभागी व्हायचं.

आणि मग ऑफर येतात आणि अचानक तेच लोक आपल्याला पटवायला लागतात. भेटीचा दिवस ठेवतात. समाजशास्त्रज्ञ गॉफमनने माणसाच्या वागण्याचे रंगमंच आणि पडद्यामागची बाजू असे भाग केले ते कुणाला नीट समजलं नसेल तर त्याने या दिवसाला जावं. दिवसभर प्रोफेसर हसतमुख, लायब्ररी उजेडात न्हालेली, सगळे एकमेकांचे कोलॅबोरेटर. संध्याकाळी प्रोफेसर घरी गेले की जुने विद्यार्थी खुर्च्या जवळ ओढतात आणि खरी माहिती सुरू होते, कोण मेलला उत्तर देत नाही, कोण पुढच्या वर्षी दुसरीकडे चाललंय (नेमकं ज्याचं नाव आपण एसओपीत दोनदा घातलंय तेच), आणि स्टायपेंड नऊ महिन्यांचा आहे की बाराचा. हा शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे. नऊ महिन्यांचा असेल तर उन्हाळ्यात तुम्ही नक्की काय होऊन जगायचं याबद्दल ऑफर लेटर गप्प असतं. आणि वेबसाइटवर नोकरी लागलेल्यांची यादी असते ती बघून हुरळू नका, मध्येच सोडून गेलेले त्यात नसतात. फक्त टिकलेल्यांकडे बघून निष्कर्ष काढण्याची चूक, म्हणजे सर्व्हायव्हरशिप बायस, शिकवणाऱ्या डिपार्टमेंटनेच ती यादी लावलेली असते.

निवड करायला मी अर्थातच एक्सेल शीट केली. पैसे, घरभाडं, गाइड, मेथड्सचं ट्रेनिंग, हेल्थ इन्शुरन्स, प्रत्येकाला वजन दिलं, बेरीज आली, आणि बेरीज नको तिथली आली म्हणून वजनं बदलली. असं करत जिथे जायचं होतं तिथेच गणित आणून पोचवलं. लोकांना सांगते की मेथड्सचं ट्रेनिंग उत्तम आहे. शीटमध्ये ती युनिव्हर्सिटी सगळ्यात उजवीकडच्या कॉलममध्ये होती.

राहिलं १५ एप्रिल. अमेरिकेत काउन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्सचा एक ठराव आहे, त्यावर सही केलेल्या युनिव्हर्सिट्या त्या तारखेच्या आधी फंडिंगच्या ऑफरला हो म्हणायची सक्ती करू शकत नाहीत. याचा परिणाम असा की सगळेजण सगळ्या ऑफर उराशी धरून त्या तारखेपर्यंत बसतात आणि वेटलिस्ट जागची हलत नाही. मी बाकीच्यांना "नाही" असं वेळेत कळवून टाकलं. पहिला ड्राफ्ट असा झाला, "यंदा मला आलेल्या ऑफरचा दर्जा असामान्य होता, परंतु जागा एकच असल्यामुळे..." फार सुख वाटलं लिहिताना. पाठवताना मात्र साधं दोन ओळींचं आभाराचं मेल पाठवलं, कारण कॉन्फरन्समध्ये हेच लोक पुढच्या रांगेत बसलेले असणारेत. तुमच्याकडे दोन ऑफर पडून असतील आणि एक नकोच असेल, तर तेवढं आज कळवून टाका बुवा, तिकडे वेटलिस्टवर कुणीतरी रिफ्रेशचं एफ-फाइव्ह बटण बडवून बडवून कीबोर्डचा जीव घेतंय.