शहरात की उद्यानाच्या दाराशी? झांगजियाजीच्या लेखावरील प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया सविस्तर आहे आणि चिडून लिहिलेली आहे, म्हणून खाली दोन ओळींत न उरकता वेगळं उत्तर लिहिते. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. चीनमधल्या झांगजियाजीचं डोंगरी वन उद्यान बघायला जाणाऱ्यांनी झांगजियाजी शहरात न राहता उद्यानाच्या दाराशी असलेल्या वुलिंगयुआन गावात राहावं, असं मी मूळ लेखात म्हटलं होतं. त्यावर तुम्ही लिहिलंत: "ताई, रेल्वे शहरात, विमानतळ शहरात, तियानमेन पर्वताचा रोपवे शहरात, आणि त्याच पैशात खोल्याही मोठ्या. तुमचं ऐकून सत्तरीच्या आईला घेऊन आम्ही बॅगा इकडून तिकडे ओढत बसलो. हॉटेलवाल्यांकडून काही मिळतं का तुम्हाला? आणि उद्यानाच्या आत, डोंगरावरच राहता येतं, हे लपवलंत का?"

पैशांचं आधी सांगून टाकते: नाही मिळत. लेखात एकाही हॉटेलचं नाव नाही, मग कमिशन द्यायचं कुणी?

आता शहराबद्दल. शहरात सोयी जास्त आहेत हे कुणीच नाकारत नाही. पण ज्यासाठी माणूस हूनान प्रांतापर्यंत जातो ते शहरात नाही. आज ज्याला झांगजियाजी शहर म्हणतात त्याचं नाव 1994 पर्यंत दायोंग होतं. झांगजियाजी हे नाव जंगलाचं. ते 1982 मध्ये चीनचं पहिलं राष्ट्रीय वन उद्यान झालं, 1992 मध्ये वुलिंगयुआन या नावाने आजूबाजूच्या परिसरासकट युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेलं, आणि त्या प्रसिद्धीनंतर शहराने उद्यानाचं नाव घेतलं. त्यामुळे बुकिंगच्या साइटवर 'झांगजियाजी' टाकलं की पहिल्या पानावर शहरातली हॉटेलं दिसतात. वालुकाश्माचे ते तीन हजारांवर सुळके तिथून तीसेक किलोमीटरवर आहेत. वाईला खोली घेऊन रोज महाबळेश्वर करावं, तसं हे. जमतं, पण सकाळ रस्त्यात जाते.

आणि इथे सकाळ फार मोलाची. तुमच्या प्रतिक्रियेत धुक्याचा उल्लेखच नाही, म्हणजे हवेने तुम्हाला साथ दिली असावी. सगळ्यांचं नशीब तसं नसतं. हा पावसाचा, दमट डोंगराळ भाग आहे. वसंत ऋतूत आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला तर दिवसचे दिवस वर पांढऱ्या भिंतीशिवाय काही दिसत नाही. उद्यानातल्या युआनजियाजी या उंच जागेच्या कठड्याशी लोक मोबाइल उंचावून उभे असतात आणि समोर नुसतं दूध. मग पाऊस थांबतो, ढग दरीत खाली बसतात आणि सुळक्यांची टोकं वर निघतात. हे बहुधा सकाळीच होतं, आणि कुठल्या सकाळी ते आधी सांगता येत नाही. उद्यानाचं तिकीट सलग चार दिवस चालतं आणि आतल्या बसगाड्या त्यातच येतात, त्याचा खरा उपयोग इथे आहे. दाराजवळ राहिलात तर आज धुकं आहे म्हणून दुपारी परत यायचं, चहा प्यायचा, उद्या पहिल्या बसने पुन्हा वर जायचं, हे सहज होतं. शहरात राहिलात तर तेवढ्यासाठी येता-जाता दोन तास मोडायचे, म्हणून माणूस जात नाही. गेलो तेव्हा धुकं होतं, एवढं सांगत घरी येतो.

तियानमेनला ही चैन नाही. तिथलं तिकीट ठरावीक दिवसाचं आणि वेळेचं असतं, रोपवेही त्या वेळेलाच. (हे तियानमेन म्हणजे बीजिंगचा चौक नव्हे. दरवर्षी कुणीतरी विचारतंच.) शहराच्या मधोमध, जुन्या रेल्वे स्टेशनजवळून निघणारा तो साडेसात किलोमीटरचा रोपवे, 99 वळणांचा रस्ता, 999 पायऱ्या आणि डोंगराला पडलेलं ते प्रचंड भोक, हे सगळं वेगळं ठिकाण आहे, वन उद्यानाचा भाग नाही. तिकीटही वेगळं. म्हणूनच मी लिहिलं होतं की एकाच हॉटेलात राहून दोन्ही करू नका. जंगलासाठी वुलिंगयुआन, तियानमेनसाठी शहरात एक मुक्काम, आणि हवेचा अंदाज बघून कोणतं आधी ते ठरवा. मूळ लेखातला हा दुसरा अर्धा भाग तुमच्या प्रतिक्रियेत गळला आहे.

बॅगांचा त्रास खराच. पण तो एकदाच होतो, आणि तासाभराचा. रोजची ये-जा रोज होते. शहरातून निघालेली बस उद्यानाच्या दारात सोडत नाही, वुलिंगयुआनच्या स्टँडवर सोडते, तिथून दार पुन्हा थोडं पुढे. मग पहारा, पासपोर्ट, आतली बस, आणि मग बायलाँग लिफ्टची रांग. कड्याला लावलेली ही 326 मीटर उंचीची लिफ्ट 2002 पासून चालू आहे आणि गर्दीच्या दिवसांत तिच्या रांगेत किती वेळ जाईल याचा भरवसा नाही. ज्या घरात गुडघ्यांचा प्रश्न आहे त्यांना या रांगेत शहरातून येणाऱ्या ग्रुपांच्या आधी पोचणं हाच मोठा आराम. आईंसाठी तर मी वुलिंगयुआनच सुचवीन. त्या दाराने आत गेलं की लिफ्ट आणि तियान्झी पर्वताचा रोपवे दोन्हीकडे बसने जाता येतं, 'दहा मैलांची चित्रशाळा' म्हणतात त्या दरीत छोटी गाडी चालते, आणि दमल्या तर त्या दुपारी खोलीवर येऊन आडव्या होऊ शकतात. शहरात राहून हे शेवटचं कसं करणार? मोठी खोली रात्री कामाची, दुपारी तिथपर्यंत पोचता यायला हवं.

तियानमेनला मात्र आईंना 999 पायऱ्या चढवायची गरज नव्हती. डोंगराच्या पोटातून सरकते जिने काढलेले आहेत, आणि पायऱ्यांच्या बाजूलाही. 'पायऱ्यांनी आईचे हाल झाले' हे वाचून वाईट वाटलं, कारण जिन्याचे पैसे त्या मानाने किरकोळ आहेत.

वन उद्यानाच्या दक्षिणेकडच्या दाराशीही राहता येतं. तिथे गाव लहान, हॉटेलं साधी, रात्री सामसूम. ज्यांना जिनबियान ओढ्याच्या काठाने सकाळी गर्दीआधी चालायचं आहे किंवा हुआंगशीझाईच्या डोंगरमाथ्यावर जायचं आहे, त्यांनी जरूर राहावं. ओढ्याची वाट जवळजवळ सपाट आहे, माकडं भरपूर, हातात खाऊ धरू नका. पण संध्याकाळी जेवायला चार ठिकाणं हवी असतील तर वुलिंगयुआन बरं.

आता 'आत राहता येतं हे लपवलंत' हा आरोप. लपवलं नाही, मुद्दाम सुचवलं नाही. 1998 मध्ये युनेस्कोच्या बाजूने पाहणी झाली तेव्हा उद्यानात उगवलेल्या हॉटेलं-दुकानांवर कडक टीका झाली. त्यानंतर सरकारने आतली बांधकामं पाडायला आणि लोकांना बाहेर हलवायला सुरुवात केली. तरी वरच्या गावांत घरगुती खोल्या चालत राहिल्या, आणि चिनी प्रवासी त्यांचे फोटो टाकतात ते पाहून आपल्यालाही मोह होतो. पहाटे दारातून बाहेर पडलं की समोर सुळके, मोह का होणार नाही? पण परदेशी माणसाची अडचण वेगळी आहे. चीनमध्ये तुम्ही कुठे झोपता याची पोलिसांकडे नोंद व्हावी लागते. हॉटेल ती पासपोर्ट बघून स्वतः करतं. कुणाच्या घरी राहिलात तर 24 तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात नोंद करायची जबाबदारी तुमची आणि त्या घरमालकाची. पठारावरच्या ज्या खोलीला स्वतःलाच अधिकृत परवानगी असल्याची खात्री नाही, तिथला मालक तुमच्यासाठी ठाण्यात जाईल का? मला नाही वाटत. शिवाय सामान पाठीवर घेऊन वर जायचं. तिशीतल्या, चिनी बोलणाऱ्या मुलाने हा धोका पत्करला तर माझी ना नाही. सत्तरीच्या आईबरोबर मी पत्करणार नाही, आणि ब्लॉगवर तर सुचवणार नाहीच.

याला जोडून एक गोष्ट. 'आम्ही परदेशी लोकांना घेत नाही' असं सांगून हॉटेलवाले परत पाठवायचे, तो त्रास आता कमी व्हायला हवा. 2024 च्या मे महिन्यात सरकारने स्पष्ट सांगितलं की परवान्याचं कारण देऊन परदेशी पाहुण्याला नाकारता येणार नाही. छोट्या ठिकाणी पासपोर्टची नोंद कशी करायची हे कळत नसतं एवढाच प्रश्न उरतो. बुकिंगनंतर निरोप पाठवून विचारून घ्या. आणि नकाशा गूगलचा वापरू नका. चीनमध्ये तो मुळात उघडत नाही, आणि कसाबसा उघडला तरी तिथल्या नकाशांची मोजणी वेगळी असल्याने हॉटेलची खूण काहीशे मीटर सरकलेली दिसते. 'दारापासून पाच मिनिटं' याचा फज्जा बऱ्याचदा तिथे होतो.

जेवणाबद्दल तुम्ही एकच वाक्य लिहिलं आहे, 'शाकाहाऱ्यांचे हाल'. हाल शहरातही तेवढेच. हूनानचं जेवण झणझणीत, कोल्हापूरकरालाही घाम फुटेल असं, पण भाजीतही डुकराची चरबी किंवा धुरावलेलं मांस पडतं. लहान खाणावळीत ताज्या भाज्या समोरच मांडलेल्या असतात. बोटाने दाखवायचं, फोनवरचं भाषांतर दाखवून 'फक्त तेलात' म्हणायचं. टोफू, वांगी, पालेभाजी, भात, एवढ्यावर दिवस निघतात.

शेवटी विचारलंत की धाकटा भाऊ ऑक्टोबरमध्ये जाणार आहे, त्याने कुठे राहावं. 1 ते 7 ऑक्टोबर तिथली राष्ट्रीय सुटी असते, त्या आठवड्यात त्याने कुठेही राहू नये. 10 तारखेनंतर जाऊ दे. हूनानची राजधानी चांगशाहून हायस्पीड गाडीने झांगजियाजी पश्चिम स्टेशनला उतरावं आणि शहरात न थांबता थेट वुलिंगयुआन गाठावं. तिथे किमान तीन रात्री. त्यानंतर शहरात एक रात्र, दुसऱ्या दिवशी सकाळचा तियानमेन, आणि बॅगा हॉटेलच्या काउंटरवर ठेवून संध्याकाळची गाडी. काचेच्या पुलाची हौस असेल तर तो झांगजियाजीच्याच 'ग्रँड कॅन्यन' नावाच्या दरीवर आहे (अमेरिकेतली नव्हे), वुलिंगयुआनहूनच जवळ पडतो. 2016 मध्ये उघडलेला हा पूल 430 मीटर लांब आणि दरीपासून 300 मीटर उंच आहे. अर्धा दिवस पुरतो. पण वर धुकं नसलेला दिवस त्याने त्यासाठी खर्च करू नये.